आमच्या बंबाचा बॉयलर

परवा व्हिडिओवर बोलता बोलता तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजी, तुझ्या मागे कोपऱ्यात ते सोनेरी होतं ते कुठे गेलं?" ते सोनेरी नव्हतं, तांब्याचं होतं, आणि त्याला बंब म्हणतात. तुमच्या आईचा समज असा की मी तो भंगारात दिला. मी आजवर रिकामी बाटलीसुद्धा वहीत नोंद केल्याशिवाय घराबाहेर टाकलेली नाही, हे ती इतक्या लांब राहून विसरलेली दिसते. म्हणून सविस्तर लिहिते. आईनं हे तुम्हाला वाचून दाखवावं आणि मधले परिच्छेद गाळू नयेत.

बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. कमरेइतकं उंच तांब्याचं पिंप, त्याच्या पोटातून उभा जाणारा जाड तांब्याचा नळ, नळात निखारे, नळाभोवती पाणी, आणि खाली एक तोटी. माझ्या सासूबाईंचा होता. गेली तीस वर्षं त्यात कुणी काडी पेटवली नव्हती. मी त्यात छत्र्या ठेवत असे.

बंब गेला तो आमच्या गाडीच्या खोलीत, म्हणजे गॅरेजात, राहणाऱ्या भाडेकरूमुळे. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागच्या दिवाळीत बोलताना पडद्यावर मध्येच एक गृहस्थ हातोडी घेऊन आले, तुमच्याकडे न बघता आमच्या गॅसवरच्या कुकरची शिटी मोजून निघून गेले, ते हेच. आळीतली मुलं त्यांना बॉयलरकाका म्हणतात. मीही तेच म्हणेन, कारण त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारलेली त्यांना ऐकू येत नाही.

बॉयलरकाका मूळचे दातिवऱ्याचे. घरची होडी होती, भाऊ मासेमारी करत, हे मात्र बोईसरला रंगांच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मीही त्याच कारखान्यात कामाला होते, ऑफिसात. पालघरहून बसनं जायचे, मोठ्या साहेबांची पत्रं टाइप करायचे आणि जगातल्या सगळ्या गोष्टी फाइलीत बसतात अशा श्रद्धेनं घरी यायचे.

त्यांची पहिली सवय सांगते. ते कुठल्याही काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काचेवर बोटानं तीनदा टकटक करतात. वजनाचा काटा, घड्याळ, रिक्षाचा मीटर, सगळ्यांना तोच न्याय. एकदा मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, तर यांनी मोकळ्या हातानं डॉक्टरांच्या यंत्रावर टकटक केलं.

"एकशे साठ," डॉक्टर म्हणाले.

"वर्किंग प्रेशर किती ठेवायचं माणसाचं?"

"एकशे वीस."

"आन् सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसरी सवय शिफ्टची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी आठला गाडीच्या खोलीचं दार उघडून ते मोठ्यानं "शिफ्ट चालू" म्हणतात आणि चारला "शिफ्ट बंद". ऐकायला माणूस नसला तर आमच्या जाईबाईला सांगतात. जाईबाई घरकामाला येते, डोंगराकडच्या पाड्यावरची आहे, आणि तिला यांचं एक अक्षर पटत नाही. "आजी, म्हातारा आजपन भांडी जालते," असं ती मला रोज कळवते, जणू मला धूर दिसत नाही.

भांडी नव्हे, तांब्याचे पत्रे. बॉयलरकाका आगगाडी बनवत होते. वाफेवर चालणारं छोटं इंजिन, साधारण तुमच्या खाटेच्या अर्ध्या लांबीचं, पण खरं: कोळसा टाकायचा, पाणी उकळायचं, वाफ धरायची आणि मागे ढकलगाडीवर माणूस बसवून ओढायचं. चाकं, दांडे, सिलिंडर हे सगळं त्यांनी बोईसरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात दोन वर्षांत बनवून आणलं. ते लोकांना दाखवलं की लोक वाहवा करत. बॉयलरकाकांना वाहवेचा राग येई. "हे सगळे दागिने हायत," ते म्हणायचे. "बाई कुठं हाय? बॉयलर म्हंजे बाई. ती उभी र्‍हायली पायजे, मग दागिने." अशी उदाहरणं माझ्यासमोर देऊ नका असं मी त्यांना लेखी कळवलं होतं.

पत्रा तापवून लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, मग तो मऊ होतो. मग लाकडाच्या साच्यावर ठोकून त्याची कड वळवायची. चार-सहा घाव घातले की तांबं पुन्हा ताठतं, पुन्हा लाल करायचं. बुडवायला माझी धुण्याची टाकी होती. काळं पडलेलं तांबं साफ करायला माझी वर्षाची चिंच होती. मी डब्यावर "चिंच, मार्च" अशी चिठ्ठी लावलेली. महिन्याभरानं डब्यात एक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, निघाला. जाब विचारला तर म्हणाले, "चिठ्ठी वाचली मी. मार्च होऊन गेला."

आणि शेजारी! इथून तासाभराच्या अंतरावर तारापूरला अणुभट्टी आहे. तिच्या सावलीत लोक लग्नं लावतात, वाड्या घेतात, पापड वाळवतात. पण माझ्या मागच्या अंगणात दोन वितींचा बॉयलर होतोय म्हटल्यावर समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी मला पत्र पाठवलं, त्यात "जीवितास धोका" हे शब्द दोनदा अधोरेखित. बॉयलरकाकांना ते पत्र फार आवडलं. "भिणारा मानूस चांगला," म्हणाले. "न भिणारा साहेब होतो."

आता तो साहेबाचा किस्सा. हा परिच्छेद आईनं मुळीच गाळू नये, कारण तो माझ्याविरुद्ध आहे.

कारखान्यात एका वर्षी मागणी फार वाढली आणि बॉयलरकडून झेपेल त्याहून जास्त वाफ हवी झाली. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा आणि वाफ सोडून द्यायचा. त्यासाठीच तो असतो. एका हुशार इंजिनिअरनं व्हॉल्व्हच्या दांड्यावर जास्तीचं वजन टांगलं. व्हॉल्व्ह गप्प. बॉयलरकाका ड्युटीवर आले, त्यांनी वजन पाहिलं, काढलं आणि वर नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं, ताज्या वर्तमानपत्रावर. पुढे तपासणी आली. तेवढ्यासाठी त्या आठवड्याचं लॉगबुक, म्हणजे तासातासाला दाब लिहायची वही, ऑफिसात बसून नव्यानं लिहिलं गेलं आणि त्यांच्यासमोर सहीला ठेवलं.

त्यांनी पानं उलटली. "हे कोनी लिवलं? आकडे सगळे एका रांगेत हायत. खऱ्या लॉगबुकात आकडे नाचतात, साहेब. असे उभे र्‍हायले म्हंजे समजायचं, लिवनारा खुर्चीत होता." आणि सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. त्यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ यापुढे मुख्य फाटकावरील सुरक्षा विभागास व्हावा, अशी व्यवस्थापनाची इच्छा होती. अशी वाक्यं लिहायला इंग्रजी फार सोयीची भाषा आहे. मेमोत एकही चूक नव्हती. मला माहीत आहे, कारण तो मीच टाइप केला होता. आमच्याकडे पद्धत अशी की खाली उजवीकडे साहेबांची सही, आणि डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. मी ती पद्धतशीर घातली.

बॉयलरचं पुढे काय झालं विचाराल. काहीही नाही. तो फुटला नाही, गळला नाही, पुढे कितीतरी वर्षं चालून भंगारात गेला. बॉयलरकाका निवृत्तीपर्यंत नऊ वर्षं फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत बसले, आणि जाता-येता लोक म्हणत, "बघा, काही झालं का? उगाच ताणलंत." बॉयलर पेटवायचं त्यांचं सर्टिफिकेट तेवढं त्यांच्याजवळ राहिलं. ते आता गाडीच्या खोलीत चौकटीत लावलेलं आहे, देवाच्या वर. देवाला टकटक करायला बोट पुरतं, सर्टिफिकेटला स्टूल लागतं.

तुमचे आजोबा गेले, गाडी विकली, खोली रिकामी झाली, तेव्हा मला भाडेकरू म्हणून कॉलेजातल्या दोन नीटनेटक्या मुली मिळत होत्या. मी खोली यांना दिली. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर बॉयलर. पहिला ठोकताना कोपऱ्यात तडकला. दुसरा पूर्ण झाला, पण चाचणीत त्याची सपाट बाजू पुरीसारखी फुगली. आत आधाराच्या काड्या कमी पडल्या होत्या. बॉयलरकाकांनी तो फुगलेला बॉयलर आठवडाभर समोर ठेवून जेवण केलं. मग एके दिवशी मी बाजारातून आले तर हे माझ्या दिवाणखान्यात जमिनीवर उताणे, बंब आडवा, आणि यांचं डोकं बंबात.

"काय चाललंय?"

"नळ बगतो," बंबातून आवाज आला. "मॅडम, चार इंची हाय. आन् जाडी तर बगा! असं तांबं आता मिळत नाय."

"छत्र्या कुठे आहेत?"

"छत्र्या बऱ्या हायत."

"तो माझ्या सासूबाईंचा आहे."

"सासूबायनी काय जपलाय! एक खड्डा नाय." डोकं बाहेर आलं, केसांत कोळी. "पन मॅडम, याला जन्मात दाब म्हाईत नाय. वरून उघडा ना. तापला, निवला, तापला, निवला. कुनी कधी इचारलंच नाय याला, तुला किती सोसंल."

मी नाही म्हटलं. पुढे सहा महिने रोज नाही म्हटलं. ते रोज विचारत नव्हते. येता-जाता बंबावर तीनदा टकटक करत, बस्स. शेवटी एका सकाळी मी छत्र्या काढून मोरीत ठेवल्या आणि जाईबाईला सांगितलं, "हा मागे नेऊन दे." जाईबाई म्हणाली, "आजी, तुमी पन?"

नळाचं बॉयलरचं पिंप झालं, बाहेरच्या पत्र्यातून पुढची-मागची झाकणं आणि शेगडीचा डबा झाला. चांदीची सळई वितळवून सगळे सांधे जोडायचे, याला ते ब्रेझिंग म्हणतात. चार महिने लागले. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, कामाआधी घोषणा केली. रविवारी केळव्याला, त्यांच्या बहिणीच्या वाडीत, इंजिन चालणार. सुपारीच्या झाडांमधून साठ फूट रूळ टाकून झाले होते. कारखान्यातले जुने लोक येणार होते, तेच, ज्यांनी त्यांना नऊ वर्षं फाटकावर बसलेलं पाहिलं होतं. बहिणीनं पापलेटं सांगून ठेवली होती. राहिली होती फक्त चाचणी. ती गुरुवारी.

चाचणी अशी: बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरायचा, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, हातपंपानं दाब चढवायचा. इंजिन नव्वद पौंडांवर चालणार, म्हणून चाचणी एकशे ऐंशीवर. थंड पाणी असल्यामुळे फुटला तरी फक्त फरशी ओली होते. मग बघत बसायचं. इतर लोक अर्धा तास बघतात. बॉयलरकाका पूर्ण शिफ्ट बघणार होते.

पण तो नोव्हेंबर होता, आणि नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. बँकेनं त्यांना गुरुवारचीच वेळ दिली. दहाला त्यांनी काटा एकशे ऐंशीवर आणला, टकटक केलं, आणि लॉगबुक माझ्या हातात दिलं.

"दर अर्ध्या तासाला लिवायचं. काटा जे सांगंल ते. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी खुर्ची आणली, घड्याळ समोर ठेवलं, पट्टीनं रकाने आखले. दहा वाजता: १८०. साडेदहाला काटा केसभर खाली वाटला. टकटक केलं. केसभर खालीच. मी चष्मा पुसला आणि १८० लिहिलं, कारण केसभराला आकडा नसतो. अकराला १७४. मी वाकून पाहिलं. शेगडीच्या डब्याखाली, एका सांध्यावर, मोहरीएवढा पाण्याचा थेंब होता. मी तो पदरानं पुसला. तो पुन्हा आला.

तुम्ही शहाणी मुलं आहात, तुम्ही १७४ लिहिलं असतं. मीही आयुष्यभर १७४ला १७४च लिहिणारी बाई. पण मला त्या थेंबात पापलेटं दिसली, रूळ दिसले, ती जुनी मंडळी सुपारीखाली उभी दिसली, आणि त्यांच्यापुढे रिकाम्या हातांनी उभे बॉयलरकाका. तिसरा बॉयलरही वाया. वाटलं, या माणसाला एकदा तरी कागदावर काहीतरी चांगलं मिळू दे. हातपंपाचा दांडा माझ्या हाताशीच होता. दोनदा दाबला. काटा शहाण्यासारखा एकशे ऐंशीवर जाऊन बसला. मी लिहिलं: १८०.

त्यानंतर दर अर्ध्या तासाला मी माझं कर्तव्य केलं. थेंब पुसला, पंप मारला, १८० लिहिलं. जाईबाई चहा घेऊन आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली.

"आजी, हे म्हाताऱ्यानं सांगलंय?"

"तुझं काम झालं का?"

"माजं झालं," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

साडेतीनला बॉयलरकाका आले. हातात बँकेची पावती. "जिवंत हाय," म्हणाले, आणि ती सर्टिफिकेटच्या चौकटीत खोचली. मग काट्यावर टकटक केलं. एकशे ऐंशी. मग लॉगबुक घेतलं. बारा ओळी. बारा वेळा १८०. रकाने सरळ, अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही.

ते बराच वेळ वाचत राहिले. बारा सारखे आकडे वाचायला इतका वेळ लागत नाही.

"मॅडम, दुपारी इथं उन्ह होतं?"

"होतं की. छपराचा पत्रा तापला होता नुसता."

"घाम आला तुमाला?"

"आला ना."

"पानी तेवढं नाय तापलं," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, फाटकावर पाहुण्याला रस्ता सांगावा तसं. काठोकाठ भरलेलं बंद पाणी जरा ऊन झालं की फुगतं, आणि काटा चढतो. दुपारी चढायला हवा, कलत्या उन्हात उतरायला हवा. खोली तापली, मी तापले, आणि काटा एकाच जागी? असा काटा जगात नाही. असा काटा फक्त वहीत असतो.

मग त्यांनी लॉगबुक माझ्यापुढे ठेवलं, पेनाचं टोपण काढून पेन त्यावर ठेवलं. "खाली सही करा. पूर्ण."

मी पेन उचललं. मुलांनो, मी आजवर हजारो कागदांवर काही ना काही लिहिलं आहे. त्या पानावर माझा हात चालेना.

"मी पंप मारला," मी म्हटलं. "थेंब येत होता. पुसला."

"कितींदा?"

"मोजलं नाही."

"मोजायला पायजे होतं," ते म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढला नाही. बॉयलरपाशी उकिडवे बसले, सांध्यावरून बोट फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं. "हा सांधा माजा. बंबाचा नाय. बंबानं सोसलं. माजाच हात हलला."

मी म्हटलं, "मला वाटलं, रविवारी लोकांसमोर…"

"साहेबाला पन लोकांसाटीच वाटलं होतं. ऑर्डर होती." ते उठले. "मॅडम, त्या मेमोवर सही साहेबाची होती. तुमची खाली कोपऱ्यात दोनच अक्षरं. बारीक. मी घरी नेऊन भिंगानं वाचली."

एकवीस वर्षं. माझ्या खोलीत राहत होते, माझी चिंच संपवत होते, माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, आणि त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"काय बोलायचं? टायपिंग चांगलं होतं."

मी त्या बारा ओळींपैकी अकरांवर रेघ मारली. पट्टी न घेता. खाली लिहिलं की साडेदहाला काटा केसभर खाली होता, अकरापासून पंप मारला, किती वेळा ते मोजलं नाही, सांधा गळत होता. आणि पूर्ण सही केली, माहेरच्या नावासकट, घाबरून.

रविवार रद्द झाला. त्यांनी फोनवर सगळ्यांना कळवलं, "सांधा गळतोय, येऊ नका." पापलेटं मात्र सांगून ठेवलेली, त्यामुळे मंडळी आलीच. मला वाटलं होतं हे तोंड लपवतील. यांनी गळका बॉयलर वाडीत नेला, पाणी भरलं, पंप मारला आणि प्रत्येकाला वाकायला लावून थेंब दाखवला. एखादा नातू दाखवावा तसा. वर माझं पानही फिरवलं. मला आधी विचारण्याची पद्धत त्यांच्यात नाही. बोईसरचा एक जुना फिटर, उत्तरेकडचा, चष्मा कपाळावर चढवून ते वाचत होता. रेघांखालचे ते अकरा आकडे त्यानं बोटानं मोजले आणि ओरडला, "अरे उस्ताद, ये तो अपनी कंपनीवाला लॉगबुक है!" सगळे इतके हसले की बहिणीची कोंबडी अंड्यावरून उठली. बॉयलरकाकाही हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं, आणि निमित्त मी होते, हे मला अजून पचलेलं नाही.

सांधा त्यांनी पुन्हा तापवून भरला. पुन्हा चाचणी. या वेळी ते काट्यापासून दहा फुटांवर, पाठ करून बसले आणि वही माझ्याकडे दिली. मी म्हटलं, दुसरं कुणी बसवा. म्हणाले, "दुसऱ्याला चुकायचं म्हाईत नाय."

जानेवारीत केळव्याला इंजिन चाललं. करवंटीच्या कोळशावर. साठ फूट गेलं, साठ फूट मागे आलं, आणि मध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह असा काही फुसकारला की समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, पोफळीमागे गेले. बॉयलरकाका ढकलगाडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, प्रवासभर त्यांनी एकदाही पुढे पाहिलं नाही. काट्याकडे पाहत होते. जुनी मंडळी टाळ्या वाजवत होती, तर हे खेकसले, "गप बसा, दाब ऐकू येत नाय!"

तर बंब तिथे आहे. फिरतो, फुसकारतो, आणि आता त्याला दाब म्हणजे काय ते माहीत आहे. त्याची तोटी तेवढी बॉयलरकाकांनी मला परत आणून दिली, घासूनपुसून. तिला जोडायला काही नाही, म्हणून मी ती टेबलावर कागद उडू नयेत यासाठी ठेवते.

सध्या तिच्याखाली एकच कागद आहे. त्या दुसऱ्या चाचणीच्या पानाची झेरॉक्स, त्यांनी नंतर काढून आणून दिलेली. आठ वाजता १८०. नऊला १८३. अकराला १९१. बाराला १९४, त्यावर गिरवून १९५, कारण मी टकटक करायला विसरले होते. दोनला १९८. मग १९६, मग १८९, त्यावर चहाचा डाग. रकाने वाकडे, आकडे वर-खाली, एक ओळ तर रेघेबाहेर. इतकं गचाळ पान मी उभ्या जन्मात लिहिलेलं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात काही नाही. मधोमध माझी सही आहे, पूर्ण.